आभाळ वाचायला शिका, मग वादळाच्या मागे लागा

वादळांच्या पाठलागाचे व्हिडिओ पाहिले की हा वेगाचा खेळ वाटतो. खरं तर तो अंदाजाचा खेळ आहे. दुपारी चारला कुठे उभं राहायचं हे सकाळी आठला ठरवायचं, तिथे वेळेआधी पोचायचं आणि बहुतेक दिवशी हात हलवत परत यायचं. अमेरिकेच्या ज्या सपाट मैदानांत हा छंद रुजला, तिथले मुरलेले लोकही बहुतेक दिवशी टोर्नेडो न पाहताच घरी जातात.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिला पूर्ण हंगाम घरूनच निरीक्षण, दुसऱ्या हंगामात अंदाज बांधण्याचा सराव, आणि गाडी त्यानंतर. पहिल्याच पायरीवर रमलात तरी काही बिघडत नाही. जगात पुष्कळ जण आयुष्यभर तेवढंच करतात, आणि त्यांच्या नोंदी पाठलागाच्या फोटोंपेक्षा जास्त कामाच्या ठरतात.

रोजची वही

वही कागदाची असो की स्प्रेडशीट, नोंदीची वेळ मात्र ठरलेली हवी. दिवसातून दोनदा पुरे: एकदा सकाळी, एकदा दुपारी. रकाने असे: तारीख आणि वेळ, तापमान, गेल्या २४ तासांतलं कमाल-किमान, आर्द्रता, हवेचा दाब, वाऱ्याची दिशा आणि जोर, ढगांचे प्रकार, आकाश किती झाकलंय, पाऊस किती मिलिमीटर.

आकाश आठ भागांत मोजायची पद्धत जगभर चालते. ० म्हणजे निरभ्र, ८ म्हणजे पूर्ण झाकलेलं. ढगाचा एखादाच तुकडा दिसला तरी ० नाही, १ लिहायचं. एक जरी फट राहिली असेल तर ८ नाही, ७. वाऱ्याची दिशा लिहिताना नवखे लोक हमखास गोंधळतात. वारा जिकडून येतो ती त्याची दिशा. पश्चिमेचा वारा पूर्वेकडे जातो.

शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा: ‘माझा अंदाज’. पुढच्या २४ तासांत पाऊस पडेल की नाही, गडगडाट होईल का, कमाल तापमान किती राहील, हे अधिकृत अंदाज पाहण्याआधी लिहायचं. अंदाज आधी वाचला की आपलं डोकं त्याच्याच मागे चालायला लागतं. दुसऱ्या दिवशी स्वतःला गुण द्या, आणि शेजारी आणखी एक अंदाज तपासा: ‘उद्या आजच्यासारखंच’. महिनाभराच्या हिशेबात तुम्ही या आळशी अंदाजाला मागे टाकू शकला नाहीत, तर अजून आभाळ वाचता येत नाही असं समजा. सुरुवातीला बहुतेकांचं असंच होतं, कारण हवा खरंच बऱ्याचदा कालच्यासारखीच असते.

वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या प्रमाणवेळेचा आणि जागतिक समन्वित वेळेचा फरक लिहून ठेवा. उपग्रहाची चित्रं, हवामान नकाशे आणि पुष्कळ ठिकाणी रडारची चित्रंही या जागतिक वेळेत असतात. काही तासांपूर्वीचं चित्र आत्ताचं समजून निघालेले लोक कमी नाहीत.

साधनं, आणि ती कुठे खोटं बोलतात

महाग यंत्र चुकीच्या जागी लावण्यापेक्षा स्वस्त यंत्र योग्य जागी लावलेलं बरं. तापमापक सावलीत, मोकळ्या हवेत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर हवा, आणि खाली शक्यतो गवत असावं. वेधशाळांमध्ये दिसणारी झडपांची पांढरी पेटी म्हणजे स्टीव्हन्सन पेटी. थॉमस स्टीव्हन्सनने ती १९व्या शतकात बनवली आणि तत्त्व आजही तेच आहे: ऊन आत येऊ द्यायचं नाही, वारा अडवायचा नाही. भिंतीला टेकवलेला तापमापक संध्याकाळी भिंतीचं तापमान सांगतो, हवेचं नाही. पावसाने ओला झालेला तापमापक बाष्पीभवनामुळे कमी दाखवतो.

तापमापक तपासायचा तर बर्फ बारीक कुटा, भांड्यात ठासून भरा आणि बर्फाच्या फटी भरतील एवढंच पाणी घाला. पाणी सहन करणारा सेन्सर मधोमध धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, ढवळत राहा. काही मिनिटांत आकडा ० अंशावर स्थिरावला पाहिजे. ०.७ दाखवत असेल तर तेवढं नेहमी वजा करा. आर्द्रतेच्या सेन्सरसाठी मिठाची चाचणी आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ पूर्ण विरघळलं तर चाचणी वाया गेली. ते झाकण आणि सेन्सर हवाबंद डब्यात ठेवून डबा रात्रभर एकाच तापमानाच्या खोलीत राहू द्या. साधारण २० ते २५ अंशांना आतली आर्द्रता ७५ टक्के असते. घरगुती सेन्सर ८२ दाखवतोय की ६८, ते सकाळी कळतं.

पर्जन्यमापक घरी बनवता येतो आणि तो बनवावाच, कारण मिलिमीटर म्हणजे काय हे हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. एक चौरस मीटर सपाट जागेवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. दहा सेंटीमीटर व्यासाचं नरसाळं घेतलं तर त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे दर मिलिमीटर पावसाला ७.८५ मिलिलिटर पाणी. नरसाळ्याखालच्या बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि ७.८५ ने भागायचं. शंभर मिलिलिटर साठलं असेल तर पाऊस १२.७ मिलिमीटर. बाटली कापून, वरचा भाग उलटा बसवून, बाहेरून पट्टी चिकटवण्याचा प्रकार शाळेत शिकवतात. त्यात बाटलीचा तळ खोलगट असतो आणि पहिले काही मिलिमीटर तिथेच गडप होतात. तसंच करायचं असेल तर तळ मेणाने भरून सपाट करा.

मापकाचं तोंड अगदी आडवं हवं आणि जमिनीपासून निदान ३० सेंटीमीटर वर, नाहीतर जमिनीवरून उडालेलं पाणीही मोजलं जातं. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची मापकापेक्षा जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो ठेवा. वारा जोराचा असेल तर थेंब तोंडावरून वाहून जातात आणि नोंद कमी येते. गच्चीच्या कठड्याशी हे फार होतं. स्वयंचलित यंत्रांत झुलणारी छोटी वाटी असते, ती भरली की उलटते आणि एक ठोका मोजला जातो. मुसळधार पावसात वाटी उलटण्याच्या क्षणी पडणारं पाणी हुकतं, म्हणून ही यंत्रं ऐन जोराच्या पावसातच कमी सांगतात. कोळ्याचं जाळं, मुंगी किंवा एखादं पान अडकलं तर सांगतच नाहीत. साधा मापक शेजारी असला की चोरी लगेच पकडली जाते.

दाबासाठी बऱ्याच मोबाइलमधला सेन्सर चालतो. समुद्रसपाटीवर सरासरी दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, जमिनीलगत दर साधारण साडेआठ मीटर उंचीला तो एकाने घटतो. मोबाइल तुमच्या उंचीवरचा दाब दाखवतो आणि नकाशा समुद्रसपाटीला आणलेला, त्यामुळे थेट तुलना करू नका. दाबाला भरती-ओहोटी असते, हे विशेषतः उष्ण कटिबंधात लक्षात ठेवायला हवं. तो सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. दुपारपर्यंत दोन-तीन हेक्टोपास्कल उतरणं तिथे रोजचंच, त्यात वादळ शोधू नये. आजच्या चारचा दाब कालच्या चारच्या दाबाशी ताडून पाहा.

वाऱ्याचा जोर यंत्राशिवाय सांगता येतो. फ्रान्सिस ब्यूफर्टने १८०५ मध्ये मांडलेली श्रेणी आजही वापरात आहे. धूळ आणि कागद उडायला लागले, लहान फांद्या हलल्या की श्रेणी ४, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर. मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात, छत्री सांभाळणं जड जातं ती श्रेणी ६, ताशी ३९ ते ४९. डहाळ्या तुटून पडायला लागल्या की श्रेणी ८, ताशी ६२ ते ७४. तेव्हा झाडाखाली उभं राहून नोंद करू नका.

ढग ओळखण्याची हातचलाखी

ल्यूक हॉवर्ड या इंग्लिश औषधविक्रेत्याने १८०२ मध्ये एका व्याख्यानात ढगांना लॅटिन नावं दिली; आजच्या दहा मुख्य प्रकारांचा पाया तोच. दहा नावं पाठ करण्यापेक्षा हात वापरा. आकाशात मेंढरांसारखे छोटे पुंजके दिसले तर हात लांब करून मोजा. पुंजका करंगळीच्या रुंदीत झाकला जात असेल तर सिरोक्युम्युलस, करंगळीपेक्षा मोठा पण तीन बोटांत मावत असेल तर अल्टोक्युम्युलस, त्याहून मोठा असेल तर स्ट्रॅटोक्युम्युलस. हे माप क्षितिजाजवळच्या नाही, वर चढलेल्या ढगांवर घ्यायचं.

सूर्याला किंवा चंद्राला खळं पडलं तर समोर सिरोस्ट्रॅटस आहे. खळ्याची त्रिज्या साधारण २२ अंश, म्हणजे लांब केलेल्या हाताची वीतभर. सूर्य दुधी काचेतून पाहिल्यासारखा दिसतो आणि सावली पडत नाही, तेव्हा अल्टोस्ट्रॅटस. आधी खळं, मग दुधी सूर्य, मग खाली उतरत जाणारा करडा थर, असा क्रम काही तासांत दिसला तर संततधार येण्याची शक्यता बरीच असते. ही समशीतोष्ण प्रदेशातल्या उष्ण आघाडीची, म्हणजे थंड हवेवर चढत येणाऱ्या उबदार हवेच्या सीमेची, ओळखखूण आहे.

वादळाच्या नादी लागलेल्यांचा जीव मात्र ढिगासारख्या वर वाढत जाणाऱ्या क्युम्युलस ढगात अडकलेला असतो. त्याचा तळ किती उंचावर आहे ते काढता येतं: तापमानातून दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव धरतं ते) वजा करा, १२५ ने गुणा. हवा ३४ अंश, दवबिंदू २२, तर तळ साधारण १५०० मीटरवर. पुढे बघायचं ते कडांकडे. फुलकोबीसारख्या टणक, कातीव कडा म्हणजे वर चढणारी हवा जोरात आहे. कडा विसविशीत, पिंजलेल्या कापसासारख्या झाल्या की माथा गोठायला लागला, आणि क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी वादळाचा ढग, तयार होतोय. मग माथा पसरून ऐरणीचा आकार घेतो. ऐरणीच्या वर घुमटासारखा फुगवटा येऊन दहा मिनिटांहून जास्त टिकला, तर ते वादळ खरोखर दमदार आहे. ऐरणीखाली लोंबणाऱ्या पिशव्यांसारखे मॅमेटस ढग फोटोत भीषण दिसतात, पण त्यावरून टोर्नेडोचा अंदाज बांधू नये.

सकाळी मधल्या उंचीवर एका रांगेत किल्ल्याच्या बुरुजांसारखे छोटे ढग दिसले तर वहीत ठळक लिहा. तिथली हवा अस्थिर आहे आणि दुपारी गडगडाटाची शक्यता वाढते.

शेल्फ ढग आणि वॉल ढग यांची गल्लत सर्वाधिक होते, आणि ती महागात पडू शकते. शेल्फ ढग वादळाच्या पुढच्या कडेला असतो, लांबलचक, पाचरीसारखा, पावसापासून दूर पुढे सरकणारा. त्याच्या खालून थंड वारा येतो. वॉल ढग पाऊस नसलेल्या सपाट काळ्या तळाखाली लोंबतो, आकाराने लहान असतो, आणि सुपरसेलमध्ये, म्हणजे ज्यातली चढती हवा गोल फिरत असते अशा दीर्घायुषी वादळात, स्वतःभोवती फिरताना दिसतो. शंका आली तर एक-दोन मिनिटं एकटक बघा. खालचे फाटके ढग वर-खाली होतील, आकार बदलतील, पण फिरणार नाहीत. ‘टोर्नेडो दिसला’ म्हणून फिरणाऱ्या फोटोंपैकी पुष्कळांत असे फाटके ढगच असतात.

थंड वाऱ्याची धार अंगावरून जाते तो क्षण घरूनही नोंदवता येतो. त्या दिवशी दर पाच मिनिटांनी आकडे लिहा. आधी हवा कोंदट, पानही हलत नाही, किंवा हलका वारा उलट वादळाच्या दिशेने जातोय. मग वारा क्षणभर पडतो आणि एकदम उलट दिशेने झोडपायला लागतो. दाब काही मिनिटांत एक-दोन हेक्टोपास्कल वर उसळतो, तापमान ५ ते १० अंशांनी कोसळतं, आणि पाऊस अजून पडलेलाच नसतो. पाऊस आणि वारा यांच्या वेळांमधलं हे अंतर नोंदवत गेलात की आपल्याकडची वादळं आपली थंड हवा किती पुढे ढकलतात, ते काही महिन्यांत कळतं. पुढे जागा निवडताना हाच आकडा कामी येतो.

वीज

वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि तेवढ्यात आत जायचं, कारण वीज पावसाच्या धारांपासून दहा किलोमीटर दूरही पडते. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. नियम सोपा आहे. मोडला जातो तो दुसऱ्या भागात, पाऊस थांबल्यावर.

उघड्यावर कोणतीही मुद्रा घेतली तरी जागा सुरक्षित होत नाही. पक्की इमारत किंवा धातूचं छत असलेली बंद गाडी, एवढे दोनच पर्याय. गाडी वाचवते ती रबरी टायरमुळे नाही. वीज पत्र्याच्या बाहेरून जमिनीत जाते म्हणून वाचवते. काचा वर करा, धातूला हात लावू नका. कापडी छताच्या गाडीला हा फायदा नाही.

रात्रीच्या विजेचे फोटो खिडकीतून किंवा गाडीतून घ्या. मोकळ्यावर तिवई रोवून शेजारी उभं राहणं म्हणजे स्वतःहून लक्ष्य होणं. कॅमेरा मॅन्युअलवर, फोकस दूरच्या दिव्यावर धरून स्वयंचलित फोकस बंद, आयएसओ १०० ते २००, ॲपर्चर एफ ५.६ ते ८, शटर १० ते २० सेकंद, आणि एकामागून एक फोटो घेत राहायचं. वीज दिसल्यावर बटण दाबलं तर ती निघून गेलेली असते. चित्र पांढरंफक येत असेल तर वादळ जवळ आलंय: आधी ॲपर्चर एफ ११ करा, मग कॅमेरा आवरा.

अंदाज: चार गोष्टी एका ठिकाणी

गडगडाटी वादळाला जमिनीलगत ओलावा, वर गेलेली हवा वरच चढत राहील अशी अस्थिरता आणि तिला पहिला धक्का देणारं काहीतरी लागतं. ते दीर्घायुषी आणि संघटित व्हायला चौथी गोष्ट लागते: उंचीनुसार बदलणारा वारा, म्हणजे शिअर. शिअर नसेल तर वादळ स्वतःच्याच पावसाने गुदमरतं. पाऊस थंड हवा खाली आणतो, ती वर चढणारी हवा तोडते, आणि तास-अर्ध्या तासात खेळ संपतो. शिअर असेल तर पाऊस एका बाजूला पडतो आणि चढती हवा मोकळी राहते.

अस्थिरतेसाठी ‘केप’ हा आकडा पाहतात. ज्यूल प्रति किलोग्रॅममध्ये १००० च्या आत किरकोळ, १००० ते २५०० मध्यम, त्यावर जोरदार. सुपरसेलसाठी जमीन ते सहा किलोमीटर या थरात वाऱ्याचा फरक सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. नवखे लोक फक्त केप पाहून खूश होतात. उष्ण कटिबंधात ४००० केप असूनही दिवसभर काही घडत नाही, कारण धक्का देणारं काही नसतं किंवा वर कोमट हवेचं झाकण घट्ट बसलेलं असतं. झाकण अगदीच सैल असेल तर दुपार व्हायच्या आत जिकडेतिकडे फुटकळ सरी येतात आणि ऊर्जा वाया जाते. मजा येते ती झाकण दुपारपर्यंत टिकून मग एखाद्याच ठिकाणी फुटलं तर.

हे प्रत्यक्ष पाहायचं साधन म्हणजे हवामान फुग्याचा आलेख. जगभर फुगे जागतिक वेळेनुसार ०० आणि १२ वाजता सोडतात. आलेखात तापमान आणि दवबिंदू अशा दोन रेषा असतात. जमिनीजवळ त्या एकमेकींना चिकटल्या असतील तर ओलावा भरपूर. तापमानाची रेषा वर जाताना मध्येच उजवीकडे वळली तर ते झाकण. शिअर डोळ्यांनीही जोखता येतो. खांबाच्या टोकावर नजर ठेवा: खालचे ढग एका दिशेने आणि उंचावरचे पिसांसारखे सिरस ढग वेगळ्याच दिशेने झपाट्याने सरकत असतील तर शिअर आहे.

सकाळचं काम असं करा. आधी उपग्रहाचं चित्र आणि प्रत्यक्ष नोंदी, प्रारूपांचे (संगणकाने काढलेल्या अंदाजांचे) नकाशे नंतर. अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपीय केंद्राचं प्रारूप पाहा, पण एकाच चित्रावर विसंबू नका. सलग तीन वेळच्या चित्रांत वादळ त्याच भागात येतंय का ते बघा. मग सीमारेषा शोधा: आघाडी, समुद्रवाऱ्याची धार, डोंगराचा उतार, किंवा रात्रीच्या वादळाने मागे ठेवलेली थंड हवेची कड. नवं वादळ बहुधा अशाच रेषेवर उठतं. कागदावर एक गाव, एक वेळ आणि ‘का’ लिहा. ‘का’ लिहिता आलं नाही तर घरीच थांबा.

रडार किती खरं मानायचं

रडारचे रंग डेसिबल झेडमध्ये, म्हणजे परत आलेल्या लहरींचा जोर सांगणाऱ्या मापात, असतात: २० च्या आसपास हलका पाऊस, ४० च्या पुढे जोराचा, ६० च्या पुढे बहुधा गारा. यात दोन खोट आहेत. एक म्हणजे उशीर. स्क्रीनवरचं चित्र पाच-दहा मिनिटं जुनं असू शकतं, आणि ताशी ६० किलोमीटरने पळणारं वादळ दहा मिनिटांत दहा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. दुसरी उंची. अर्धा अंश वर रोखलेला किरण १०० किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असतो, २०० किलोमीटरवर चार किलोमीटरहून जास्त. दूरच्या वादळाखाली काय चाललंय ते रडारला दिसतच नाही. म्हणून दिशा ठरवायला रडार आणि थांबायचं की निघायचं ते डोळ्यांवर. ऐन वेळी मोबाइलचं नेटवर्क जातं, हे गृहीत धरून नकाशे आधीच उतरवून ठेवा.

गाडी काढल्यावर

डेव्हिड होडली यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत वादळांमागे जायला सुरुवात केली. छंद म्हणून पाठलाग करणाऱ्यांत त्यांना आद्य मानतात. तिथला मुख्य हंगाम एप्रिल ते जून, आणि तिथे हे जमतं कारण जमीन सपाट, झाडं विरळ, रस्ते चौकटीत आखलेले. दाट वस्ती, डोंगर किंवा जंगल असेल तर पाठलागाचा नाद सोडा आणि वाट अडवून थांबा. म्हणजे आधीच उंचवट्यावरची, पक्क्या आडोशाची, दूरवर दिसणारी जागा धरा आणि वादळाला येऊ द्या. आमच्या मते बहुतेक लोकांसाठी हाच प्रकार योग्य आहे. सागरी चक्रीवादळ मात्र छंदाचा विषय नाही. किनारा सोडायला सांगितलं की सोडायचा.

निदान दोघं हवेत, आणि चालवणाऱ्याने फक्त गाडी चालवायची. रडार, नकाशा, फोटो हे दुसऱ्याचं काम. जास्त अपघात वादळाने होत नाहीत, ओल्या रस्त्यावर मान वर करून गाडी हाकल्याने होतात. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. सोबत स्टेपनी, टॉर्च, प्रथमोपचार, पाणी, कागदी नकाशा, चार्जर आणि गारांत उतरायची वेळ आलीच तर हेल्मेट. गाडी डांबरी रस्त्यालगत, तोंड बाहेर जायच्या दिशेला करून लावा. मातीचा रस्ता दहा मिनिटांच्या पावसात तुम्हाला तिथेच रुतवून ठेवतो. निघायच्या दोन वाटा दिसत नसतील तर ती जागा जागाच नाही.

उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत वादळं बहुधा पूर्वेकडे किंवा ईशान्येकडे जातात, म्हणून पाहायला त्यांची आग्नेय बाजू बरी. दक्षिण गोलार्धात हे चित्र उलटतं आणि ईशान्य बाजू धरावी लागते. पाऊस-गारांच्या गाभ्यातून आरपार जाऊन पलीकडे काय आहे ते बघायचा मोह आवरा. पलीकडे काय आहे ते बाहेर पडेपर्यंत दिसत नाही, हीच तर अडचण.

वेळेचा हिशेब आधी करा. वादळ ४० किलोमीटरवर आहे, ताशी ५० ने तुमच्याकडे येतंय: पाऊस ४८ मिनिटांत पोचेल. पण थंड वाऱ्याची धार १५ किलोमीटर पुढे धावत असेल तर ती अर्ध्या तासातच येईल, आणि धुळीत काही दिसणार नाही. म्हणजे विसाव्या मिनिटाला निर्णय झालेला हवा. वादळ जागेवरच उभं आहे पण मोठं होतंय असं वाटलं, तर ते सरळ तुमच्यावर येतंय. दूरच्या झाडाच्या किंवा खांबाच्या रेषेत धरून बघा: डावी-उजवीकडे सरकत नसेल तर निघा, वादळाच्या वाटेला काटकोनात.

३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळचा टोर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद झाला. पावसाने झाकलेला होता, त्याने दिशा बदलली आणि वेगही वाढवला. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे त्यात गेले. समारास टोर्नेडोच्या वाटेत मोजयंत्रं ठेवण्याचं काम वर्षानुवर्षं करत होते. अनुभवी माणसाला अंतर कमी पुरतं, हा समज तिथेच सोडून द्यावा. अंधार पडल्यावरही पाठलाग नाही.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. ३० सेंटीमीटर वाहतं पाणी बऱ्याच लहान गाड्या तरंगवतं, ६० सेंटीमीटर बहुतेक गाड्या ओढून नेतं. गारांनी गाठलंच तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा, समोरची काच गारांकडे करा. ती दुहेरी थराची असते, बाजूच्या काचा फुटून आत येतात. पुलाखाली रस्ता अडवून थांबू नका.

परत आल्यावर

जे पाहिलं ते त्याच दिवशी हवामान खात्याला किंवा स्थानिक निरीक्षक जाळ्याला कळवा. वेळ, नेमकी जागा, तुमचं तोंड कुठल्या दिशेला होतं, दृश्य किती लांब होतं, एवढं हवंच. मोजलेलं आणि अंदाजाने सांगितलेलं वेगळं लिहा. ‘वारा फार होता’ याचा कुणाला उपयोग नाही. ‘साडेपाचला मनगटाएवढ्या जाड फांद्या मोडल्या, वारा वायव्येचा’ याचा होतो.

गारांची माहिती विशेष मोलाची, कारण त्या काही मिनिटांत नाहीशा होतात. लिंबाएवढी, अंड्याएवढी असं न सांगता सर्वांत मोठ्या गारेला पट्टी लावा, सर्वांत रुंद बाजूचं माप घ्या, पट्टीसकट फोटो काढा, जमलं तर वजन करा. १४ एप्रिल १९८६ रोजी बांगलादेशातल्या गोपालगंजला पडलेली १.०२ किलोची गार वजनाच्या नोंदींत सर्वांत वर आहे. अमेरिकेत साउथ डकोटातल्या व्हिव्हियनला २३ जुलै २०१० रोजी २० सेंटीमीटर व्यासाची गार मिळाली. फ्रीझरमध्ये ठेवल्यावर वीज गेली आणि अधिकृत मोजणीआधीच ती काहीशी झिजली. म्हणून माप आधी, फ्रीझर नंतर. गार घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत हवा काढून ठेवा, कारण आपोआप बर्फ काढणाऱ्या फ्रीझरमध्ये उघडा बर्फ न वितळताही उडून जातो. पिशवीवर तारीख, वेळ आणि जागा लिहा.